गोल्डफिश एकमेकांना पळवतायत, ढुश्या मारतायत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्डफिश पाळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते, एक मासा दुसऱ्याच्या हात धुवून मागे लागलाय, खाऊ देत नाही, टिकू देत नाही, तो बिचारा कोपऱ्यात जाऊन बसलाय, आता दुकानातून कुठलं औषध आणू. औषध बहुतेक वेळा नकोच असतं. आधी टँकसमोर खुर्ची टाकून दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं आणि बघायचं की कोण कोणाच्या मागे जातंय, ढुशी नेमकी कुठे लागतेय आणि हे दिवसातल्या कुठल्या वेळेला चालतंय. एवढं कळलं की अर्धं काम झालं, बाकी अर्ध्यासाठी खालचे प्रश्न.

गोल्डफिश मुळात भांडखोर असतात का?

नाही. हा कार्पच्या कुळातला मासा, चीनमध्ये हजारेक वर्षांपासून पाळला जातोय, घोळक्याने राहतो, आणि ही माझी हद्द, इथे पाय ठेवायचा नाही असला प्रकार त्याच्यात जवळपास नसतोच. त्याच्या जबड्यात दात पण नाहीत, दात असतात ते आत घशात, खाणं चिरडायला. म्हणजे फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्करसारखा भांडखोर मासा जसा चावून लचका काढतो तसं गोल्डफिशला जमत नाही. तो ढुशी मारतो, चोखतो, दुसऱ्याची लांब शेपूट तोंडात धरून ओढतो. मागे लागलेला मासा मार लागून क्वचित मरतो, मरतो तो दमून, उपाशी राहून आणि टेन्शनमुळे आजारी पडून. म्हणून फ्लॉवरहॉर्नवाल्यांचे व्हिडिओ बघून गोल्डफिशवर उपाय करू नका, दोन्ही प्राण्यांचं गणितच वेगळं आहे.

मग मागे का लागतात?

माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त वेळा कारण असतं लगीनघाई, म्हणजे नर मादीच्या मागे. त्यानंतर खाण्यावरून ढकलाढकली. मग जागा कमी आणि पाणी खराब, ही दोन कारणं नेहमी जोडीनेच येतात. आणि शेवटचं म्हणजे टँकमध्ये एखादा मासा आजारी, अशक्त, लहान किंवा नवीन असणं, त्याला बाकीचे टोचत राहतात. शुद्ध दादागिरी करणारा, काही कारण नसताना सगळ्यांना पळवणारा गोल्डफिश पण असतो, पण फार कमी, आणि तसा वाटला तरी आधी बाकीची कारणं तपासून घ्या.

लगीनघाई आहे की मारामारी, ओळखायचं कसं?

ढुशी कुठे लागते ते बघा. नर मादीच्या मागून आणि थोडा खालून येतो, तोंड तिच्या शेपटीखाली, जिथून अंडी बाहेर पडतात तिथे लावतो आणि ढकलत ढकलत तिला झाडांत नाहीतर काचेच्या कोपऱ्यात नेतो, तिथे दोघं अंगाला अंग लावून थरथरतात. नर दोन-तीन असतील तर सगळे एकीच्याच मागे असतात. मादी मधेच थांबते, एखादा दाणा खाते पण, आणि परत पाठलाग सुरू. पहाटे पहाटे जोर सगळ्यात जास्त असतो, हॉलमध्ये झोपणाऱ्याला पाण्याच्या चुबुक चुबुक आवाजाने जाग येते एवढा, आणि दुपारपर्यंत बरंचसं थंड झालेलं असतं. मादी अंडी द्यायला तयार झाली की तिच्याकडून पाण्यात काही रसायनं सुटतात आणि नरांना त्याचाच सुगावा लागतो, म्हणून काल रात्रीपर्यंत गुण्यागोविंदाने राहणारे मासे आज सकाळी अचानक बिथरल्यासारखे दिसतात.

दादागिरीत यातलं काही नसतं. ढुशी अंगावर कुठेही लागते, बरगडीत, डोक्यावर, शेपटीला. थरथरणं नाही, झाडांत नेणं नाही. जास्त करून खायच्या वेळेला नाहीतर मासा एखाद्या ठरावीक जागेजवळ आला की पाठलाग होतो, आणि हे सकाळ-संध्याकाळ कधीही चालतं, आठवडाभर चालतं. ज्याच्यामागे लागलेत तो फिन्स, म्हणजे पर, अंगाला चिकटवून फिल्टरच्या मागे नाहीतर वरच्या कोपऱ्यात बसून राहतो, आणि दुसरा लांब गेला तरी बाहेर येत नाही. ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.

सीझन पण बघा. थंडी ओसरून पाणी हळूहळू कोमट व्हायला लागलं, साधारण फेब्रुवारी-मार्च, की हे सुरू होतं. घरातल्या टँकमध्ये मोठा वॉटर चेंज केला आणि नवीन पाणी जरा गार पडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कधीही होऊ शकतं, पावसाळ्यात तर बऱ्याच जणांना हा अनुभव येतो.

नर कुठला, मादी कुठली?

लहान असताना कळत नाही, साधारण एक वर्षाचा झाला की अंदाज येतो, त्यामुळे दुकानदाराने दोन इंचाच्या पिल्लांची ही जोडी आहे म्हणून दिली असेल तर ती त्याची विक्रीची भाषा समजा. मोठ्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या फिन्सच्या पहिल्या जाड काडीवर सीझनमध्ये बारीक पांढरे दाणे येतात, रवा भुरभुरल्यासारखे. मादी वरून बघितली तर जास्त गोल दिसते, आणि अंडी भरली असतील तर पोटाची एक बाजू दुसरीपेक्षा फुगीर असते. दाणे प्रत्येक नराला येतातच असं नाही, म्हणून फक्त तेवढ्यावर जाऊ नका, आठवडाभर वागणं बघा.

ते पांढरे दाणे म्हणजे व्हाइट स्पॉट, तो ठिपक्यांचा आजार, तर नाही ना?

हा गोंधळ सगळ्यांचा होतो आणि बिचाऱ्या धडधाकट नराला औषधाचा डोस बसतो. नराचे दाणे फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या फिन्सच्या कडेला, एका ओळीत, दोन्ही बाजूंना सारखे असतात, आणि मासा एकदम तरतरीत असतो. व्हाइट स्पॉट कुठेही येतो, शेपटीवर, पाठीवर, पोटावर, विस्कटलेला, दिवसागणिक वाढत जातो, आणि मासा अंग दगडावर घासतो, सुस्त होतो. शेपटीच्या पातळ पडद्यावर ठिपके दिसले तर तो आजार धरा.

मादी पार दमलीय, तिला वेगळी काढू का?

दोन-चार तासांची पळवापळवी असेल आणि ती मधेमधे खात असेल तर राहू द्या. पण खवले निघायला लागले, शेपटीखाली लाल झालं, ती आडवी पडून राहतेय किंवा वर येऊन तोंड उघडं टाकून श्वास घेतेय, तर थांबू नका, काढा. एका मादीमागे तीन नर असतील तर ही वेळ लवकर येते, आणि अशा वेळी तिला एकटीला काढण्यापेक्षा नरांना बाजूला करता आलं तर जास्त चांगलं, ती आपल्या ओळखीच्या पाण्यात आराम करते आणि जागा बदलायचं टेन्शन नरांच्या वाट्याला जातं. दुसरा टँक नसेल तर मोठा प्लास्टिकचा टब घ्या, तीस-चाळीस लिटरचा तरी, त्यात त्याच टँकचं पाणी भरा, एअर पंप लावा, वर जाळी टाका कारण गोल्डफिश उडी मारतो. साबणाने धुतलेली बादली वापरू नका, कितीही धुतली तरी.

तीन-चार दिवसांनी परत सोडा. दर काही आठवड्यांनी हेच होत असेल तर टँकमधलं नर-मादीचं प्रमाण बदलल्याशिवाय सुटका नाही, माद्या नरांपेक्षा जास्त किंवा निदान बरोबरीने ठेवा. मित्रमंडळींत अदलाबदल करणं सगळ्यात सोपं.

आणि एक, मादीचं पोट हाताने दाबून अंडी काढायचे व्हिडिओ फिरतात, ते घरी करू नका. ब्रीडर लोकांचा हात बसलेला असतो, आपण दाबलं तर आतलं काहीतरी फुटेल.

अंडी दिली. आता?

अंडी चिकट असतात, झाडांना, काचेला, फिल्टरच्या पाइपला चिकटतात, शेकड्यांनी असतात आणि आईबाप लगेच खायला लागतात. पिल्लं हवी असतील तर अंडी लागलेली झाडं वेगळ्या टबात हलवा, एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, हळू सोडा, पांढरी पडलेली अंडी काढत राहा. पाणी २४-२५ डिग्री असेल तर दोन-तीन दिवसांत, गार असेल तर चार-पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पिल्लं नको असतील तर काहीच करू नका, मासे स्वतःच सगळं साफ करतात. फक्त पाणी फेसाळ, गढूळ होतं, तेव्हा तिसरा हिस्सा तरी बदला.

पोट फुगलंय, प्रेग्नंट आहे का?

गोल्डफिश प्रेग्नंट होत नाही, अंडी देतो. पोट गोल, मासा खातोय-फिरतोय, तर अंडी किंवा जास्त खाणं. पण वरून बघितल्यावर खवले अननसासारखे उभे राहिलेले दिसले तर तो ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठण्याचा आजार, आहे आणि लगेच वेगळा करायला हवा. असा मासा नेमका बाकीच्यांच्या ढुश्या खातो आणि लोकांना वाटतं नर मागे लागलेत.

माझ्याकडे दोघंही नर आहेत तरी एक दुसऱ्याच्या मागे का?

होतं असं. मादी नसली तरी नर नराच्या मागे लागतो, विशेषतः सीझनमध्ये आणि पाणी बदलल्यावर. दोन-तीन दिवसांत ओसरतं. दोनच मासे असतील तर सगळा त्रास एकालाच होतो, तीन-चार असतील तर वाटला जातो, पण हे वाचून उद्याच दुकानात जाऊ नका, आधी खालचा टँकच्या साइजचा प्रश्न वाचा.

खायला टाकलं की एकच मोठा सगळं फस्त करतो आणि बाकीच्यांना हाकलतो

इथे उपाय माशावर नाही, आपल्या हातावर करायचा असतो. एका जागी चिमूट टाकली की एकच मासा राजा होतो. टँकच्या दोन टोकांना एकाच वेळी टाका, मोठा एकीकडे गुंतला की दुसरीकडे लहान खातो. तरंगणाऱ्या दाण्यांपेक्षा तळाला जाणारे पेलेट बरे, दोन मिनिटं भिजवून, कारण ते पसरतात आणि शोधत खावे लागतात. दिवसाला एकदा मूठभर टाकण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडं थोडं, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून तो कायम भुकेलाच दिसतो, त्याच्या त्या चेहऱ्याला भुलून डबा रिकामा करू नका.

मधल्या वेळात चघळायला काहीतरी असू द्या. पालक किंवा काकडीची चकती जरा उकळून दोऱ्याने लटकवा, मटारचे दाणे उकडून साल काढून द्या, नाहीतर हायड्रिला किंवा डकवीड अशी पाणवनस्पती टाका. तोंडाला काम असलं की दुसऱ्याच्या शेपटीकडे लक्ष कमी जातं, हे मी खात्रीने सांगू शकते.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा ठेवलाय, सगळे काळ्याच्याच मागे आहेत

हा प्रश्न इतक्या घरांतून येतो की आता हसू येत नाही. आठ अधिक एक असे नऊ मासे, तेही दोन फुटी टँकमध्ये नाहीतर त्याहून लहान, आणि तो काळा म्हणजे ब्लॅक मूर. ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आलेले असतात आणि त्याला दिसतं कमी, पोहतो पण हळू. खाणं त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी बाकीच्यांनी संपवलेलं असतं, शिवाय येता-जाता धक्के बसतात आणि डोळ्याला इजा होते. त्यात ते आठ सोनेरी जर साधे लांबोडके कॉमन किंवा कॉमेट असतील तर विचारायलाच नको, ते सुसाट पोहणारे मासे.

घरातल्या मोठ्यांच्या श्रद्धेला मी हात घालत नाही. पण नऊ मासे ठेवायचेच असतील तर नऊ माशांचा टँक घ्या, आणि काळ्याच्या जोडीला त्याच्यासारखेच संथ मासे ठेवा, फॅनटेल, ओरांडा वगैरे. बबल आय आणि सेलेस्टियल तर त्याहून नाजूक, ते फक्त आपापसात ठेवायचे. दोन फुटी टँकच राहणार असेल तर काळ्याला त्याच्यासारखा एखादा सोबती बघून द्या आणि बाकीच्यांसाठी घर शोधा, सासूबाईंना आकडा पटवायचं काम तुमचं.

टँक केवढा हवा?

बाउल नको, कितीही छान दिसला तरी. गोल अंगाच्या, दुहेरी शेपटीच्या फॅन्सी गोल्डफिशसाठी पहिल्या माशाला साधारण ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर असा हिशोब बहुतेक जाणकार धरतात. दुकानात मिळणारा दोन बाय एक बाय एक फुटी टँक काठोकाठ भरला तरी ५६ लिटरच्या आसपास होतो, खडी टाकून पाणी जरा कमी ठेवलं की पन्नासच्या खाली. म्हणजे हिशोबाने एक मासा पण त्यात अडचणीत, आणि आपल्याकडे त्यात सहा-सात असतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये १९० लिटर बसतं, तिथे तीन फॅन्सी आरामात राहतात. कॉमेट, शुबुंकिन, कॉमन हे फूटभर वाढू शकतात, त्यांना हौद किंवा गच्चीवरचा मोठा टँक, हॉल नाही.

उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. पळणाऱ्याला पळायला सरळ अंतर लागतं, आणि नजरेआड व्हायला मधे झाड किंवा मोठा गुळगुळीत दगड लागतो. टोकदार शोपीस, खजिन्याची पेटी, प्लास्टिकची कडक झाडं काढून टाका, पाठलागात खवले तिथेच निघतात.

पाण्याचा आणि पळवापळवीचा काय संबंध?

खूप. गोल्डफिश घाण खूप करतो, अमोनिया वाढतो, कल्ल्यांची आणि अंगाची आग होते, आणि मासा अचानक सुसाट धावतो, काचेवर आपटतो, दगडावर अंग घासतो, त्याला बघून दुसरा पण धावतो आणि आपल्याला वाटतं भांडतायत. अशा वेळी नीट बघितलंत तर कोणी कोणाच्या मागे नसतंच, प्रत्येक जण एकटाच बिथरलेला असतो.

टेस्ट किट घ्या, थेंबवाला, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला पाहिजेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली. शून्य नसेल तर त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला, दुसऱ्या दिवशी परत, आणि खाणं निम्मं करा. नवीन टँकचा फिल्टर तयार व्हायला, म्हणजे त्यात चांगले जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर हा त्रास होणारच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने हे चांगले जिवाणू मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या. नळाचं पाणी अँटी-क्लोरीन घालून किंवा दिवसभर उघड्या पिंपात ठेवून मगच वापरा. ज्यांच्याकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येतं त्यांनी पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कलाइन ते, पण बघावा, पाणी अल्कलाइन आणि गरम असेल तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी पडतो.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पाणी ३२-३३ डिग्रीला सहज जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि माशाची गरज जास्त, सगळे वर येऊन तोंड वासतात आणि चिडचिडे होतात. झाकण काढून जाळी टाका, पाण्यावर टेबल फॅन सोडा, दोन-तीन डिग्री उतरतं, जोडीला एअर स्टोन वाढवा. लाइट जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

नवीन मासा आणला आणि जुने त्याच्यावर तुटून पडले

पहिली गोष्ट, आणल्या आणल्या सोडायचा नव्हता. दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा असतो. क्रॉफर्ड मार्केटमधून आणा नाहीतर गल्लीतल्या दुकानातून, तो मासा प्रवास करून, गर्दीत राहून आलेला असतो, अंगावर अँकर वर्म (अंगात रुतणारा परजीवी) किंवा आणखी काय घेऊन येईल सांगता येत नाही.

सोडताना जुन्यांना आधी खायला द्या, दगड-झाडं थोडी इकडची तिकडे करा म्हणजे सगळ्यांनाच जागा नवी वाटते, लाइट बंद करा आणि मग सोडा. पहिले एक-दोन दिवस हुंगाहुंगी, मागे फिरणं चालतं, ते ओळख करून घेणं असतं. साइजमध्ये फार फरक नको, चार इंची माशांत दीड इंची पिल्लू सोडलंत तर ते उपाशी राहणार, आणि गप्पी किंवा निऑनसारखा तोंडात मावणारा मासा तर गिळलाच जाणार.

एकच मासा सगळ्यांना छळतो. त्याला काढू की मार खाणाऱ्याला?

छळणाऱ्याला. लोक नेमकं उलटं करतात, दया येते म्हणून मार खाणाऱ्याला काढतात, मग छळणारा दुसरा गिऱ्हाईक शोधतो, आणि पहिला बरा होऊन परत आला की त्याला नवीन समजून परत धुतात. छळणाऱ्याला आठवडाभर टबात ठेवा, तेवढ्यात टँकची मांडणी बदला, बाकीचे मोकळे फिरायला-खायला लागू देत. परत सोडल्यावर तोच नवा असतो आणि बराच नरमतो. मार खाणारा जर जखमी किंवा आजारी असेल तर मात्र दोघांनाही वेगवेगळं काढावं लागतं.

टब ठेवायला जागा नसेल तर पार्टिशन. काचेच्या दुकानात ॲक्रिलिक शीट मापाने कापून मिळते, तिला बोटभर अंतरावर भोकं पाडून घ्या, कडा घासून गुळगुळीत करा. फॉल्स सीलिंगच्या लाइटखाली बसवतात ती चौकटी-चौकटीची प्लास्टिक जाळी पण चालते, स्वस्त पडते. मधलं पाणी दोन्हीकडे फिरायला हवं आणि ज्या बाजूला फिल्टर नाही तिथे एअर स्टोन हवा. पिल्लांसाठी मिळणारा जाळीचा छोटा डबा मोठ्या गोल्डफिशला वापरू नका, त्यात त्याला वळता पण येत नाही.

हे दोन-तीनदा करूनही फरक नाही तर तो मासा दुसऱ्या घरी द्या. काही मासे तसलेच असतात.

मासे वाढवले तर भांडण वाटलं जातं असं ऐकलं

ते आफ्रिकन सिक्लिडवाल्यांचं तंत्र आहे, हद्दीवरून भांडणाऱ्या माशांसाठी. गोल्डफिशच्या बाबतीत मासे वाढले की अमोनिया वाढतो आणि मूळ आजारच बळावतो. टँकमध्ये हिशोबाने जागा शिल्लक असेल तरच एखादा वाढवा.

सकर फिश, टायगर बार्ब, एंजल सोबत ठेवलेत, चालतं ना?

टायगर बार्ब नाही, लांब शेपूट दिसली की कुरतडतो. एंजलला गरम पाणी लागतं आणि तो पण शेपट्या ओढतो. पॅरट फिश, ऑस्कर नाहीच नाही. आणि सकर, ज्याला सगळे क्लीनर म्हणून विकतात, तो सगळ्यात लबाड. लहान असताना काचेवरचं शेवाळ खातो, मोठा झाला की रात्री लाइट बंद झाल्यावर झोपलेल्या गोल्डफिशच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर चोखतो. सकाळी माशाच्या अंगावर गोल, लालसर, खरवडल्यासारखे डाग दिसले आणि दिवसा कोणी कोणाला हात लावत नसेल तर संशय सकरवरच घ्या. रात्री मोबाइलचा लाइट मारून बघा, रंगेहाथ सापडेल.

शेपूट फाटलीय, खवले गेलेत, काय लावू?

वरून काही लावायचं नाही. स्वच्छ पाणी हेच मुख्य औषध, एक दिवसाआड पंचवीस टक्के बदला. खडे मीठ लिटरला एक ते दोन ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला १०० ते २०० ग्रॅम, वेगळ्या मगात विरघळवून दोन-तीन हप्त्यांत घाला, आणि टँकमध्ये खरी झाडं असतील तर मासा टबात काढून तिथे घाला कारण झाडांना मीठ सोसत नाही. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून पाणी बदललं तर जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत घालायचं, नाहीतर खारवण होईल. सरळ फाटलेली शेपूट काही आठवड्यांत भरते. भरताना कडेला काळं दिसू शकतं, ते बरं होण्याचं लक्षण, घाबरू नका. पण कड पांढरट-लाल होऊन रोज आत सरकत असेल तर तो फिन रॉट, तेव्हा माशांचं बघणाऱ्या डॉक्टरला फोटो दाखवा, दुकानातली निळी-पिवळी-हिरवी तिन्ही औषधं एकदम ओतू नका.

कंटाळा आलाय, तळ्यात सोडून देऊ का?

नको. गणपती तलाव असो, देवळाचं कुंड असो की नदी. गोल्डफिश आपल्याकडचा मासा नाही, तळ ढवळून पाणी गढूळ करतो, इथल्या माशांची अंडी खातो, टँकमधले आजार बाहेर नेतो. शिवाय एवढा सोनेरी रंग घेऊन बगळ्यापासून, खंड्यापासून वाचणं कठीणच. टँकमधले सकर असेच लोकांनी सोडले आणि आता उजनीसारख्या धरणात ते मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात, विकले पण जात नाहीत. दुकानदाराला विचारा, बरेच जण परत घेतात, पैसे देणार नाहीत पण घेतील. सोसायटीतल्या कोणाकडे मोठा टँक किंवा हौद असेल तर अजून बरं.

किती दिवस वाट बघायची?

लगीनघाई असेल तर दोन-तीन दिवस. नवीन मासा असेल तर आठवडा. पाणी खराब निघालं तर पाणी सुधारल्यापासून आठवडा धरा, त्याच्या आधी मोजू नका. आणि एखादा मासा दोन दिवस अजिबात खात नसेल, तळाला कलंडत असेल किंवा खवले निघत असतील तर वाट बघणं बंद, आजच वेगळा काढा.